मी ऐकलेली टकटक

माझं सगळं आयुष्य ऐकण्यात गेलं, त्यामुळे बोलताना अडखळलो तर सांभाळून घ्या. मी एक नॉक सेन्सर आहे. पेढ्याएवढा जीव, मधोमध भोक, आणि त्यातून बोल्ट घालून मला एका टर्बो पेट्रोल गाडीच्या इंजिनाला आवळून बसवलेलं. डोळे मला नाहीत. सांगेन ते सगळं ऐकलेलं.

आधी माझं काम समजून घ्या, म्हणजे माझा संताप कळेल. इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी पडते, ती पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी. या वेळेलाच टायमिंग म्हणतात. पण टर्बोने दाबून भरलेली हवा फार तापली, की पेट्रोल आपसूक भडकतं आणि आत टकटक सुरू होते. पिस्टनच्या टाळक्यात घावच ते! मी ती ऐकतो, गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि तो ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण गाडीची ओढ कमी होते. मग माणसं म्हणतात, गाडी मेली. अहो, जगावी म्हणून तर हळू चाललीय ना!

माझे मालक चिन्मय. राहतात संभाजीनगरात, बँकेच्या नोकरीसाठी रोज गंगापूरला जातात. चार वर्षं आमचं छान चाललं. ते गाणी मोठ्याने लावायचे आणि त्याहून मोठ्याने स्वतः म्हणायचे. मी तेही सोसलं. यंदा दिवाळीनंतर मात्र टकटक सुरू झाली. चढ आला, पाय दाबला, की लगेच. मी रोज कळवत राहिलो आणि गाडी ओढेना. एका गॅरेजात प्लग बदलले, दुसऱ्यात टाकी रिकामी करून नवं पेट्रोल भरलं. काडीचा फरक पडला नाही. शेवटी आम्ही कडुबा मिस्त्रींकडे आलो.

कडुबा मिस्त्रींचा कान म्हणजे काय विचारता! लांब पेचकसाचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाला, आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगून मोकळं व्हायचं. तो पेचकस माझ्याशेजारी टेकला तेव्हा मला फार बरं वाटलं. चला, आपल्या धंद्यातलं कुणीतरी भेटलं.

त्यांची मुलगी विशाखा शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीतली नोकरी सोडून आता बापाच्या जोडीने गॅरेज चालवते. तिने गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडला. म्हणाली, "बाबा, सेन्सर नॉकिंग दाखवतोय. टायमिंग मागं जातंय."

मिस्त्रींनी गाडी एकट्याने रस्त्यावर नेली. मी जीव तोडून कळवत होतो. परत येऊन ते म्हणाले, "इंजिन लई ग्वाड चालतंय. टकटक-बिकटक काय नाय. ह्यो सेन्सरच खोटा बोलतोय."

"काका, उद्या बहिणीच्या लग्नाला चाळीसगावला जायचंय," चिन्मय म्हणाले. "आई-वडील बरोबर आहेत. येताना कन्नडचा घाट चढायचाय."

"मग आज ह्याचं तोंडच बंद करू. वायर काढून तिथं रेझिस्टन्स टाकतो. कॉम्प्युटरला वाटंल, सगळं निवांत हाये. मग पळंल बघा गाडी."

मी खोटा! अपमान तर वाटलाच, पण त्याहून जास्त भीती वाटली. टकटक कळलीच नाही, तर कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडणारच नाही, आणि भरलेली गाडी घाट चढताना पिस्टन फुटणार. म्हाताऱ्या माणसांना घेऊन हे चढावर अडकणार. मिस्त्रींच्या बोटांत माझी वायर आली होती. ओरडायची सोय असती तर ओरडलो असतो.

"बाबा, थांबा," विशाखा म्हणाली. "दौलताबादच्या घाटापर्यंत एक चक्कर मारू. मी चालवते."

मिस्त्री शेजारी बसले, चिन्मय मागे. काचा उघड्या होत्या. चढावर तिने तिसऱ्या गिअरमध्येच पाय दाबला, आणि डब्यात खडे हलवावेत तशी टकटक सुरू झाली.

"ऐका बाबा. हे आत्ता."

"कुठं काय? वारा हाये त्यो."

"काका, मलासुद्धा ऐकू येतंय," मागून चिन्मय म्हणाले.

विशाखाने गाडी कडेला घेऊन बंद केली. "बाबा, कुकरच्या शिट्ट्या तुम्हाला ऐकू येत नाहीत," ती हळूच म्हणाली. "फोन वाजला की मी सांगते. सहा महिने झाले. मला बोलवत नव्हतं."

माझा राग तिथेच गेला. कानावर ज्याचं पोट आणि नाव, त्याचा कान गेला की काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? मला रडूच यायचं बाकी होतं.

"साहेब," मिस्त्री चिन्मयना म्हणाले, "सेन्सर खरा हाये. मीच खोटं बोललो. मला ऐकू येत नाय. पस्तीस वर्षं लोक ह्या कानापायी माझ्याकडं येत्यात. ऐकू येत नाय म्हणायला जीभ रेटंना."

मग ते खाली उतरले. "कान गेला, डोकं हाये अजून. हवा तापतीया, म्हंजी पुढून वारा भेटंना. काढ बंपर."

उंदीर शिरू नयेत म्हणून चिन्मयनी यंदाच बंपरमागे बारीक मच्छरदाणीची जाळी बसवून घेतली होती. रोज कापसाच्या ट्रॅक्टरमागून जाऊन जाऊन तिच्यावर कापूस आणि धूळ घट्ट बसली होती. टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या कूलरला वाराच मिळत नव्हता. जाळी टराटरा फाटल्याचं मी ऐकलं.

पुन्हा तोच चढ. मी कान देऊन बसलो होतो, पण कळवण्यासारखं काही नव्हतं. टायमिंग जागेवर, आणि गाडी सुसाट!

"गेला बाबा आवाज," विशाखा म्हणाली.

"तू म्हणतीस, तर गेला," मिस्त्री म्हणाले.

लग्न पार पडलं, कन्नडचा घाटही आम्ही झकास चढलो. मी अजून माझ्या जागेवर आहे. पण परवा गॅरेजात गेलो तेव्हा ऐकलं, कडुबा मिस्त्री अजून कान तपासायला गेलेले नाहीत. विशाखाने दोनदा डॉक्टरांची वेळ घेतली, दोन्ही वेळा त्यांना महत्त्वाचं काम निघालं. कानाला मशीन लावून गिऱ्हाइकापुढं कसं उभं राहू, म्हणतात.

मिस्त्री, तुम्हाला खोटं ठरवून तुमची वायर काढायला कुणी आलेलं नाही हो. जा एकदा. एवढं दांडगं टर्बो इंजिन, पण त्यालाही ऐकण्यासाठी मला बाहेरून लावावं लागतं. त्याची त्याला कधी लाज वाटली नाही.