झाऱ्याची जागा

आमच्या उत्तरेतल्या, महानगर वस्तीतल्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक फळा आहे. उलथणं, झारा, सांडशी, पळी, प्रत्येकाची आकृती त्यावर तांबड्या रंगाने काढलेली. ह्यांनीच काढली. हे हवाई दलात विमानं दुरुस्त करत, तिथे अवजारांचा फळा तसाच असे. काही कुठे राहून गेलं तर रिकामी आकृती लगेच दिसावी म्हणून. ओट्यावरचं काम आटोपून निघणाऱ्याला मी विचारायचं, "हजर?" त्याने फळा बघून म्हणायचं, "सब हाज़िर!" हे गेले, पण रीत राहिली.

माझी नात वेदिका ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी डॉक्टर. बारा दिवस तिला धड झोप नव्हती. काल मात्र दहा तास झोपली. सकाळी तिनेच पोहे केले, ओटा आवरला. अकराला चार वर्षांच्या मुलाचं ऑपरेशन होतं. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"हजर?"

तिने फळ्याकडे चांगलं पाहिलं. "सब हाज़िर! आजी, आज मैं एकदम फ्रेश हूँ."

उलथण्याच्या आकृतीवर झारा टांगला होता. झाऱ्याची जागा रिकामी.

"पुन्हा बघ."

"देखा ना, यार! ड्राइवर भैया नीचे खड़ा है."

"वेदू, उलथणं कुठाय?"

शोधत शोधत मीच फ्रिज उघडला. दह्याच्या पातेल्याशेजारी उलथणं होतं, पोहे चिकटलेले.

ती हसली. "उलथण्यासाठी ऑपरेशन सोडू? नवी नोकरी आहे माझी."

"तुझे आजोबाही हसले होते. चार रात्री जागून एक रात्र झोपले आणि ताजेतवाने होऊन कामावर गेले. पान्याच्या जागी पक्कड टांगली, पक्कडीची जागा रिकामी, तरी 'सर्व हजर' म्हणून सही केली. पाना विमानात होता. दुसऱ्याने फळा पाहिला म्हणून वैमानिक वाचला."

पुन्हा हॉर्न. वेदिका झाऱ्याकडे बघत राहिली. मग तिने वरिष्ठ डॉक्टरांना फोन लावला.

"चित्रा मैम, आज बच्चे का केस आप ले लीजिए... नहीं, बीमार नहीं हूँ. सोई भी हूँ. फिर भी."

पलीकडून चढलेला आवाज मलाही ऐकू येत होता. वेदिकाचे कान लाल झाले. "जी मैम. वजह लिखकर दे दूँगी," एवढंच ती म्हणाली.

फोन ठेवून तिने झारा काढला, त्याच्या जागी लावला. उलथणं धुऊन टांगलं. मी "हजर?" विचारणार, तेवढ्यात म्हणाली, "आत्ता नको, आजी. परवा विचार."