गुरुवारी कौतुक आहे

"आई, गुरुवारी शाळेत यायचंय. बाबांनीसुद्धा. आणि तिथे तुम्ही दोघांनी माझं कौतुक करायचंय."

भिंगरीने हे इतक्या सहज सांगितलं, की जणू येताना कोथिंबीर आणायचीय. आईचा घास मात्र घशातच बसला. बाबांनी पाठीवर थापट्या मारल्या, पाणी पाजलं, बोक्याने म्हणजे भिंगरीच्या अडीच वर्षांच्या भावानेही हौसेने दोन धपके घालून घेतले. आईला वाचा फुटली तेव्हा तिच्या तोंडून पहिले तीन शब्द आले ते असे :

"तुझं? कौतुक? आम्ही?"

"मग काय शेजारच्यांनी करायचं?"

"हो! शेजारच्यांनीच करायचं असतं!"

आता यात आईचं काही चुकत नव्हतं. ती ज्या घरात वाढली तिथे आपल्या पोराचं कौतुक आपणच करणं म्हणजे स्वतःच्या लग्नात स्वतःवरच अक्षता टाकण्यासारखं होतं. तिकडे सगळं कसं ठरलेलं असायचं. शेजारीण म्हणायची, "तुमची लेक कित्ती हुशार हो!" आई म्हणायची, "कसली हुशार, दगड आहे नुसता." शेजारीण म्हणायची, "काहीतरीच काय! सोनं आहे सोनं." आई म्हणायची, "दुरून डोंगर साजरे. घरी येऊन बघा एकदा." मग शेजारीण आणखी जोरात. फुगडीच की ती! एकीने मागे झुकायचं, दुसरीनेही झुकायचं, आणि हात म्हणून सोडायचे नाहीत. शेवटी लेकीचं पोटभर कौतुक व्हायचं, आणि आईच्या तोंडून एक चांगला शब्द गेलेला नसायचा. म्हणजे दृष्ट लागायची भीती नाही आणि स्वतःची लाल केल्याचा ठपकाही नाही.

पण इथे, या परक्या देशात, फुगडीला जोडीदारीण कुठली आणायची?

आणि कौतुक तर होणं भागच होतं. गेल्या वर्षी हे कुटुंब चार बॅगा, एक कुकर आणि एक रडका बोका घेऊन इथे आलं तेव्हा भिंगरीला इथल्या भाषेतला 'ओ' की 'ठो' कळत नव्हता. शाळेने तिला एक इयत्ता खाली बसवलं. तेव्हा ते बरोबरच होतं म्हणा. पण आता तिचं तोंड इथल्या भाषेत लाह्या फुटल्यासारखं चालत होतं, तरी ती बसलेली तिथेच. वर्गातल्या पोरांचे दुधाचे दात अजून पडत होते. कुणी ना कुणी रुमालात दात गुंडाळून आणायचं आणि मोठी ताई म्हणून आधी भिंगरीला दाखवायचं. टेबलाखाली तिचे गुडघे मावत नसत, म्हणून ती तिरकी बसायची. वर्गात तिच्याहून उंच दोनच गोष्टी होत्या : बाई आणि कपाट. नाटकात तिला दर वेळी झाड करत. मधल्या सुट्टीत तिच्या वयाच्या मुली तिला "ए बाळवर्ग" म्हणून हाक मारत, आणि ती हसून दाखवायची.

वरच्या वर्गाची परीक्षा तिने दिली होती आणि पासही झाली होती. आता राहिली होती फक्त ही भेट. वर्गाच्या बाईंनी भिंगरीला स्वच्छ सांगितलं होतं, "वर अभ्यास जास्त आहे. तू तिथे टिकशील का, हे तुझ्या आईबाबांइतकं कुणाला माहीत असणार? ते म्हणतील तसं करू." म्हणजे आईबाबा हो म्हणाले तर वरचा वर्ग, नाहीतर आणखी एक अख्खं वर्ष रुमालातले दात.

"आई, खोटं काही नको बोलूस. फक्त खरं सांग."

"खरं सांगायला माझी ना नाही गं," आई काकुळतीला येऊन म्हणाली, "पण चांगलं कसं सांगू?"

मग तालीम सुरू झाली. भिंगरीने बाबांचा चष्मा नाकावर चढवला, पाट उभा करून टेबल केलं आणि बाईंसारखी मान वाकडी करून विचारलं, "तर, तुमची मुलगी कशी आहे?"

"आहे आपली," आई म्हणाली.

"आई! आहे आपली काय? बाबा, तुम्ही सांगा."

बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करत. बंद पडलेल्या लिफ्टशी ते तासन्‌तास गप्पा मारू शकत, माणसांशी बोलायचं म्हटलं की त्यांचंच दार अडकायचं. त्यांनी खूप विचार केला आणि म्हणाले, "बरी आहे."

"बरी ताप उतरलेल्या माणसाला म्हणतात!"

"मग... व्यवस्थित चालू आहे. मध्येच बंद पडत नाही. आवाज करते थोडा, पण तो सगळ्याच करतात."

"मी लिफ्ट आहे का, बाबा?"

"लिफ्ट असतीस तर एव्हाना वर नेली असती," बाबा म्हणाले, आणि आपणच केलेल्या विनोदावर इतके हसले की डोळे पुसावे लागले.

रात्री फोनवर हे आजीच्या कानावर गेलं. फोनमध्ये आजीचं नेहमी फक्त कपाळ दिसायचं. त्या कपाळावर आठ्यांचं जाळं पसरलं. "लेकराचं कौतुक? चारचौघांत? आणि तेही आईने? दृष्ट लावून घ्याल पोरीला! इतकंच असेल तर मला फोन लावून द्या तिथे, मी करते. आजीने केलेलं चालतं."

भिंगरीला हा मार्ग फार आवडला, पण बाईंना मराठी येत नव्हती.

आई कपडे अल्टर करायच्या एका दुकानात अर्धा दिवस कामाला जायची. पँटच्या दुमडी, बिघडलेल्या चेनी, जाडजूड माणसांच्या बारीक झालेल्या कंबरा आणि उलट. दुकानाच्या मालकीणबाईंना एक चिरंजीव होते. दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी कापडावर खुणा करायचा खडू चावून गिळला, तेव्हा मालकीणबाई भारावून म्हणाल्या, "बघ बघ, किती जिज्ञासू आहे माझा राजा! कुठलीही गोष्ट तळापर्यंत गेल्याशिवाय सोडत नाही."

आई बघतच राहिली. खडू तळापर्यंत गेला होता हे खरंच होतं. पण हिला जमतं आणि मला जमत नाही म्हणजे काय? ती मशीनवर बसली आणि पायाच्या ठेक्यावर पुटपुटायला लागली, "माझी मुलगी हुशार आहे, माझी मुलगी कष्टाळू आहे, माझी मुलगी हुशार आहे..." ठेका असा काही जमला की एका गिऱ्हाइकाच्या पँटचा पाय तिने खालून शिवूनच टाकला. ते उसवताना मात्र तिला वाटलं, जमेल. शब्द तोंडात बसलेत. गुरुवारी नुसते बाहेर काढायचे.

गुरुवार उजाडला. बाबा कामावरून परस्पर आले, त्यामुळे हातावर ग्रीस होतं. बोक्याला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तोही सभेला हजर. वर्गात सगळ्या खुर्च्या छोट्या पोरांच्या. बाबा बसले तर त्यांचे गुडघे कानांशी आले. आईने पदर सावरावा तशी ओढणी सावरली. भिंगरी दाराबाहेर थांबली. दाराला काच होती, आणि काचेला तिचं नाक चिकटलेलं होतं.

बाई हसून म्हणाल्या, "मला तुमची मुलगी फार आवडते. खूप हुशार आहे."

झालं! बाईंनी आधी प्रश्न विचारला असता तर आईचं पाठ केलेलं सगळं धडाधड बाहेर पडलं असतं. पण बाईंनी केलं ते कौतुक, आणि कौतुक ऐकलं की आईच्या जिभेला एकच वाट माहीत होती.

"छे हो!" आई म्हणाली. "कसली हुशार!"

बाई चमकल्या. काचेमागचं नाक पांढरं पडलं.

"पण गणितात तर ती..."

"कुठलं गणित! घरी पुस्तकाला हात लावेल तर शपथ. नुसती वेंधळी आहे हो."

बायको एकटीच नम्रपणा करतेय हे बघून बाबांनाही राहवेना. "जरा आळशीच आहे," ते म्हणाले, आणि आपल्याला अख्खं वाक्य सुचलं याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं.

आता आई थांबली. आता बाईंची पाळी होती. 'काहीतरीच काय' म्हणायची. आईने हात पुढे केले होते, ती मागे झुकली होती, फक्त पलीकडून कुणीतरी धरायचं होतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. गंभीरपणे मान हलवली. "तुम्ही इतकं प्रामाणिकपणे बोललात, बरं वाटलं. फार थोडे पालक असं बोलतात." मग आवाज हळू करून म्हणाल्या, "खरं सांगायचं तर मलाही ती कधीकधी थोडी वेंधळीच वाटते. मग यंदा तिला इथेच राहू द्यावं. नाही का?"

आई फुगडीतून उताणी पडली ती थेट जमिनीवर.

"कोण वेंधळी?" ती म्हणाली.

"तुमची... तुम्हीच आत्ता..."

"माझी मुलगी वेंधळी? माझी?" आई उठून उभी राहिली. ती छोटी खुर्चीही तिच्याबरोबर उठली, कारण ओढणी तिच्यात अडकली होती. "अहो, हा बोका तापाने फणफणला होता, यांची रात्रपाळी, मला इथल्या भाषेत नीट 'पाणी द्या' म्हणता येत नव्हतं. तेव्हा या वेंधळीने बस शोधली, दवाखाना शोधला, आणि डॉक्टरला ताप कधी चढला, कधी उतरला सगळं सांगितलं. अर्धं हातवारे करून! डॉक्टर म्हणाला, ही मोठी होऊन माझी खुर्ची घेणार!"

"अगं, हळू," बाबा म्हणाले.

"हळू का? या म्हणतात वेंधळी आहे! दुकानातल्या प्रत्येक पुड्याच्या मागचं बारीक अक्षर वाचून काढते ती, त्यातून भाषा शिकली. मला शिकवली! मी आत्ता तुमच्याशी भांडतेय ना, ते कुणामुळे?"

आणि खरोखरच, संध्याकाळच्या भाषेच्या क्लासात महिनोन्‌महिने अडून बसलेली वाक्यं आज आईच्या तोंडून वाफेच्या शिट्टीसारखी सुटत होती.

"आणि आळशी म्हणे! मैदानावर मुली चिडवतात, ती हसून दाखवते. घरी येते, न्हाणीघरात जाते आणि नळ मोठा सोडते. आम्हाला वाटावं की तोंड धुतेय. आम्हाला काय कळत नाही? मग बाहेर येऊन या बोक्याला नाचून दाखवते, कारण आई थकलेली असते. अशी मुलगी तुमच्या अख्ख्या शाळेत आहे का, दाखवा मला!"

बोकासुद्धा हातातला लाकडी ठोकळा चावायचा थांबला.

"पण," बाई अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "आळशी तर तुमचे मिस्टर म्हणाले."

"ते आम्ही म्हणायचं! आम्ही तिचे आईबाप आहोत! तुम्ही नाही म्हणायचं!"

"मग मी काय म्हणायचं असतं?"

हे आईला आजवर कुणाला शिकवावंच लागलं नव्हतं. ती खुर्ची सोडवत पुटपुटली, "तुम्ही म्हणायचं... काहीतरीच काय! किती गुणी आहे!"

बाईंनी क्षणभर विचार केला. हसू दाबताना त्यांच्या ओठांच्या कडा थरथरत होत्या. "म्हणजे तुम्ही नाही नाही म्हणालात, तरी मी हो हो म्हणत राहायचं?"

"हां!" बाबा आनंदाने ओरडले. "अगदी तस्संच!"

"बरं झालं सांगितलंत. मी आत्ता तिला खाली ठेवणार होते." बाईंनी पेन पुन्हा उचललं. "सोमवारपासून वरच्या वर्गात. आणि ते नळाचं मला माहीत नव्हतं. त्या मुलींकडे मी बघते."

आई बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात पुढच्या नंबरचे पालक बाकावर ताठ बसलेले होते. आईचा आवाज काचेला जुमानणारा नव्हताच. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी होतं, नाक लाल होतं आणि तोंड कानापर्यंत पसरलं होतं.

"आई, तुला नळाचं माहीत होतं?"

"पाणी किती वाया जातं ते मलाच कळतं," आई म्हणाली आणि तिला इतकं घट्ट जवळ घेतलं की बोलायची सोयच राहिली नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण धरणाचा दरवाजा एकदा उघडला की पाणी विचारून वाहत नाही.

"थांब हं," म्हणत आई मागे वळली आणि दारातून डोकं आत घातलं. "बाई, एक राहिलं. गातेही छान."

"आई!"

"आणि चित्रं! चित्रांचं राहिलंच की!"

बाबांनी तिला ओढत व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेलं. बाकावरच्या एका बाईंनी भिंगरीकडे बघून नुसतं स्मित केलं, तर आई लगेच, "हीच ती!" जिन्यात फरशी पुसणारे काका भेटले, त्यांना कळलं. सायकलींपाशी कुलूप शोधणारी एक मोठी मुलगी भेटली, तिलाही कळलं. भिंगरी दहा पावलं पुढे चालायला लागली, जणू या लोकांशी आपली काही ओळखच नाही.

फाटकापाशी रखवालदार चावी घेऊन उभा होता. त्याला फाटक लावायचं होतं, बाकी काही नाही. आई त्याच्यासमोर थांबली.

"आई, प्लीज, यांना तरी नको!"

"ही आमची मुलगी," आई म्हणाली. "सोमवारपासून वरच्या वर्गात."

"वा!" रखवालदार म्हणाला. त्याने चावी खिशात टाकली आणि छाती फुगवली. "माझी धाकटी तर काय सांगू तुम्हाला..."

"सांगा की," आई म्हणाली.

आणि परक्यांसमोर तोंडातून जन्मात कधी अख्खी दोन वाक्यं न काढलेले बाबाही पुढे सरकले. "आमच्या हिचं गणित म्हणजे तर..."

भिंगरी फुटपाथच्या कडेवर बसली. तिने बोक्याला मांडीवर घेतलं आणि कपाळाला हात लावला. आपण नेमकं काय मागून बसलोय, ते तिला आत्ता कुठे कळायला लागलं होतं.