सहावीच्या वर्गात फिरलेला मोबाइल

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मानोरा तालुक्यातल्या एका शाळेत निकिता राठोड या सहावीतल्या मुलीने बाईंच्या टेबलावर एक बंद मोबाइल ठेवला.

इंग्रजीचा तास होता. साधनाबाईंनी आदल्या दिवशी घरून एकेक वस्तू आणायला सांगितले होते. जिला हात लावता येतो, तिचे नाव काँक्रीट नाउन. राग, भूक, भीती यांना हात लावता येत नाही, ते ॲबस्ट्रॅक्ट. टेबलावर पळी, विळा, कुलूप, सोयाबीनच्या शेंगा जमल्या होत्या. प्रत्येक वस्तू बाकांवरून फिरायची. ज्याच्या हातात येईल त्याने तिचे इंग्रजी नाव सांगायचे.

"मॅडम, मुन्नाची भूक ठेवा टेबलावर, दिसूनच राह्यली!" मागून कोणी तरी ओरडले. वर्ग हसला.

मोबाइलही फिरला. काच फुटलेली होती, कडेला तपकिरी डाग वाळले होते. मुन्नाने थुंकी लावून ते शर्टाला पुसले. "पाहा, चकाचक!"

कव्हरच्या आत एका तरुणीचा फोटो होता. तो बाईंना दिसला.

"कोणाचा गं हा?"

"रूपाताईचा. माह्या बहिनीचा."

"मग तिला लागत नाही का?"

"ताई शनिवारपासून घरी नाही. बाबा म्हन्ते, मामाकडे गेली. हा आमच्या वावरातल्या विहिरीपाशी सापडला."

"घरी का नाही सांगितलंस?"

"बाबाचं भेव लागते."

बाईंनी तास थांबवला आणि निकिताची आई रामीबाई हिला बोलावून घेतले. दोघी पोलीस चौकीत गेल्या. तिथून मामाला फोन लावला. रूपा तिकडे गेलीच नव्हती.

जमादाराने मोबाइल पिशवीत टाकला. "किती जनायनं हात लावला याले?"

"सगळ्या वर्गाने," साधनाबाई म्हणाल्या. "मीच लावायला सांगितला."

"डाग होते म्हन्ता. कुठी गेले?"

"पुसले गेले. वर्गातच."

"माही पोरगी सापडन ना, साहेब?" रामीबाईने विचारले. जमादार लिहीत राहिला.

रूपाचे वडील हेमसिंग राठोड संध्याकाळपर्यंत घरी आलेले नव्हते. त्यांचा फोन बंद आहे. मोबाइल तपासणीसाठी पाठवला आहे. विहिरीवर दोन मोटारी लावल्या असून रात्री उशिरापर्यंत उपसा सुरू होता. तळ अजून लागलेला नाही.