नवव्या पानावरचा धोका

सरकारी कचेरीत कागद कसा पडून राहतो, हे तुम्हा-आम्हाला नवीन नाही. पण कधी कधी दोष कागद दाबणाऱ्याइतकाच लिहिणाऱ्याचाही असतो, आणि हे आपण सहसा कबूल करत नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा भादवा. लाखांदूरचा खेमराज नागपुराहून मृदाशास्त्र शिकून आला होता आणि जिल्ह्याच्या माती परीक्षण कचेरीत नुकताच लागला होता. अड्याळजवळच्या खैरटोलीचा जुना तलाव त्याने तपासला आणि अकरा पानांचा अहवाल टंकून वरच्या साहेबांकडे पाठवला. स्वारी भारी खूश होती. तीन आठवडे उत्तर आलं नाही, तेव्हा एसटी धरून तो पुन्हा खैरटोलीत गेला.

तलाव काठोकाठ भरला होता. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पायथ्याशी मागच्या खेपेला नुसता बारीक गढूळ पाझर होता, तिथे आता मनगटाएवढी धार लागली होती. पाळीखालच्या चौदा घरांतलं पहिलं घर देवकाबाईचं. म्हातारीने अंगणात सात लोटे ओळीने मांडून ठेवले होते. रोज ती त्या धारेचं पाणी एका लोट्यात भरून ठेवायची. पहिल्या लोट्याच्या तळाशी मातीचा पापुद्रा होता, सातव्यात बोटभर गाळ.

"तलाव पाझरला त भेव नाही, बाबू," देवकाबाई म्हणाली. "पण हे पाणी माती घेऊन येऊन राहिलं. पाळ आतून पोकळ होऊन राहिली."

आपण हेच लिहून पाठवलंय, असं खेमराजने तिला सांगितलं. तिने वाचून दाखवायला लावलं. त्याने पिशवीतली प्रत काढली, ते नवव्या पानावर आहे म्हणत पान उघडलं आणि वाचलं, "पाळीच्या पायथ्याशी आढळलेल्या निःस्रावात निलंबित मृत्कणांचे प्रमाण वर्धमान असून, संरचनात्मक स्थैर्यावर प्रतिकूल परिणामाची शक्यता सर्वथा नाकारता येत नाही."

देवकाबाईने त्या पानावर बोट ठेवलं.

"यात आमचं मरण कुठं लिवलं हाये?"

खेमराज गडबडला. शास्त्रात आधी पद्धत, मग निरीक्षणं आणि शेवटी निष्कर्ष असतो, असं तो समजावू लागला. शिवाय फुटेल म्हणून लिहिलं आणि पाळ फुटलीच नाही, तर साहेब हसतील, नोकरीच्या पहिल्याच वर्षी नाव खराब होईल.

"घराले आग लागली त तू आधी चुलीची लांबी-रुंदी सांगशील का?" ती म्हणाली. "खात्री नाही त तसंच लिव. फुटू शकते, असं लिव. पण नवव्या पानात लपवू नोको, बाबू."

ते त्याच्या वर्मी लागलं. साहेबांनी आपल्याला विद्वान म्हणावं, म्हणून आपण चौदा घरांचा जीव जड शब्दांखाली पुरून ठेवला! तो तडक अड्याळच्या पोस्टात गेला आणि साहेबांना व तहसीलदारांना तार केली: "खैरटोली तलाव केव्हाही फुटू शकतो. पाळीतून माती वाहत आहे. सांडवा फोडून आजच पाणी उतरवा. खालची चौदा घरं हलवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली. माणसं, गुरं शाळेत हलवली, सांडवा फोडायला माणसं लागली. पाणी मात्र हळूहळू उतरत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाळीचा मधला भाग खचला आणि तलाव गावात शिरला. चौदाच्या चौदा घरं गेली, लावणी झालेल्या धानाच्या बांध्या गाळाखाली गेल्या. माणूस एकही गेला नाही. देवकाबाई शाळेच्या ओट्यावरून आपल्या घराच्या जागेकडे बघत बसली होती. खेमराजला तिच्यासमोर उभं राहवेना. तीन आठवड्यांपूर्वी पाणी उतरवलं असतं तर पाळही वाचली असती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुढे महिनाभराने त्याचा अकरा पानी अहवाल परत आला. त्यावर साहेबांचा शेरा होता: "अभ्यासपूर्ण. भाषा दर्जेदार. दप्तरी दाखल करावा." खाली तारीख होती, पाळ फुटायच्या नऊ दिवस आधीची.

तो कागद खेमराजने नोकरीभर टेबलाच्या काचेखाली ठेवला. हाताखाली नवा पोरगा आला की तो आधी त्याला ती तारीख वाचायला लावायचा. लोकहो, तुमच्याजवळ ज्ञान असेल तर ते ज्याला हवं आहे त्याला कळेल असं लिहा, आणि जीवावरची गोष्ट पहिल्या ओळीत लिहा. नवव्या पानापर्यंत सगळेच पोचत नाहीत.