भावोजींनी पेटवलेला एकमेव पाइप

माझे भावोजी दातांचे डॉक्टर. दिवसभर ते लोकांना आ करायला लावत आणि संध्याकाळी घरी आले की त्यांचंच तोंड मिटत नसे. विषय एकच, पाइप.

खाली दवाखान्याच्या भिंतीवर तंबाखूने सडलेल्या हिरड्यांचं हे एवढं मोठं चित्र होतं. वरच्या मजल्यावर घरात काचेच्या कपाटांत पाइपच पाइप. सरळ, वाकडे, हातभर दांडीचे, आणि एक पांढऱ्या दगडाचा, त्यावर दाढीवाल्या म्हाताऱ्याचं तोंड कोरलेलं. कपाटं जिथे होती ती खोली मुळात माझ्या भाचीची. तंबाखूच्या डब्यांना हवेचा फरक सोसत नाही म्हणून तिथली खिडकी कायमची बंद केली होती. भाचीला बाकी सगळं सोसतं असं गृहीत धरून तिची पुस्तकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर हलवली. ताई भाजी चिरायची तिथेच, पोरीच्या वह्यांच्या कडेला.

यातली खरी गंमत अशी की या माणसाने आयुष्यात एकदाही पाइप ओढला नव्हता.

मी एकदा विचारलं, "भावोजी, एवढे जमवलेत, मग ओढत का नाही?"

"तुला नाही कळायचं. संग्राहक वेगळा, ओढणारा वेगळा. तिकिटं जमवणारा काय पत्रं लिहीत बसतो?"

घरात हे उत्तर चालायचं. त्यांच्या पाइप मंडळात मात्र वेगळाच कारभार. तिथे भावोजी न पेटवलेला पाइप दातांत धरून बसत आणि कोणी काडी पुढे केली की म्हणत, "आत्ताच एक संपवला, जरा जिभेला आराम." डब्यावरचा मजकूर पाठ करून ते असे बोलत, की या तंबाखूत वाळल्या अंजिराचा गोडवा आहे, त्या तंबाखूत पाऊस पडून गेलेल्या लाकडाचा वास आहे. मंडळी माना डोलवत. त्यांनी भावोजींना अध्यक्षच करून टाकलं.

मंडळाची दरवर्षी एक स्पर्धा व्हायची. सगळ्यांना सारखीच तंबाखू आणि दोनच काड्या. ज्याचा पाइप सगळ्यात शेवटी विझेल तो जिंकला. त्या वर्षी अध्यक्ष म्हणून भावोजींनी ती आपल्या घरी बोलावली. तंबाखूही आपल्याच डब्यातली काढली, खास मुरवलेली. पंच म्हणून घड्याळ धरून बसायचं असा त्यांचा बेत होता. त्यासाठी नवा सदराही शिवला होता.

मंडळात एक गृहस्थ होते, सगळे त्यांना कर्नल म्हणत. लष्कराशी त्यांचा काही संबंध नव्हता, नाव मिशांमुळे पडलं होतं. ते म्हणाले, "डॉक्टर, घड्याळ वहिनी बघतील. तुमच्यासारखा जाणकार बाजूला बसला तर स्पर्धेला काय अर्थ?"

"नको नको, यजमानाने..."

"बसा हो!"

बसावं लागलं. ताईने घड्याळ हातात घेतलं आणि काड्या पेटल्या.

बाकीचे लोक हळूच एखादा झुरका घेत, मग नुसताच पाइप हातात धरून बसत. भावोजींना वाटलं, विझला तर अब्रू जाईल. म्हणून ते नळीने सरबत ओढावं तसे ओढत सुटले. वर धूर गिळलाही.

"डॉक्टर, सावकाश," कर्नल म्हणाले. "गाडी सुटत नाहीये."

भावोजींनी हसायचा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. मग ते ताडकन उठले. दाराकडे जायला चार माणसांचे पाय ओलांडावे लागणार होते. शेजारच्या तिपाईवर त्यांची झाकणाची चिनी मातीची बरणी होती, आत वर्षानुवर्षं जपलेली तंबाखू. त्यांनी झाकण उडवलं आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं तिच्यात रिकामं केलं.

मंडळातलं कोणी हसलं नाही. दारात उभी असलेली भाची मात्र पोट धरून हसली.

कर्नलांनी आपला पाइप खाली ठेवला. "डॉक्टर, खरं सांगा. पहिल्यांदाच ओढलात?"

"तंबाखू भेसळीची आहे," भावोजी तोंड पुसत म्हणाले.

माणसं आपापल्या चपला शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी म्हणाले, "अगं, ती बरणी तेवढी..."

"तुमची बरणी," ताई म्हणाली. "तुम्हीच धुवा."

ज्या माणसाने कधी स्वतःचा कप विसळला नव्हता, तो नाकाला रुमाल बांधून मोरीत बसला. तो बसलाय तोवर ताईने आणि मी कपाटं ओढून बाहेरच्या गॅलरीत उभी केली, खिडकी उघडली आणि भाचीचं टेबल आत नेलं. भावोजींनी बघितलं आणि ते पुन्हा बरणी घासायला लागले. मंडळाचं घरी येणं त्या दिवसापासून बंद झालं.

आता हा माणूस निदान गप्प बसेल, असं मला वाटलं होतं. कसलं काय! थोड्याच दिवसांत दवाखान्यात नवी पाटी लागली, 'मी सोडली, तुम्हीही सोडू शकता.' पेशंट विचारायचे आणि भावोजी खोल श्वास घेऊन सांगायचे. सांगता सांगता व्यसन वाढत गेलं. आधी काही वर्षांचं होतं, मग तरुणपणापासूनचं झालं. कॉलेजवाल्यांनी भाषणाला बोलावलं. मग वाचनालयाच्या सभागृहात जाहीर व्याख्यान ठरलं आणि ताई मलाही ओढून घेऊन गेली.

"एका क्षणी मी ठरवलं," भावोजी माइकवर म्हणाले. "बस्स! त्यानंतर पाइपाला स्पर्श नाही."

ताईच्या शेजारच्या बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी ताईचा हात धरला. "त्या काळात तुम्ही फार सोसलं असेल हो."

"काळ कसला," ताई म्हणाली, "एक संध्याकाळ होती."

बाईंना तो ताईचा मोठेपणा वाटला. त्यांनी हात आणखी घट्ट दाबला. ताईने पर्समधून सुपारी काढून तोंडात टाकली आणि ती समोर बघत बसली.

व्यासपीठावर भावोजींचा आवाज भरून आला. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. ते नाटक नव्हतं, डोळ्यांत खरंच पाणी होतं. एव्हाना त्यांचा स्वतःवर पुरता विश्वास बसला होता.