कलम अकरा

त्या शनिवारी सकाळी मी मशीनमधले कपडे काढत होते आणि बाबा मला व्हरमाँटची निवडणूक सांगत होते. पुन्हा.

"सतराशे एकोणनव्वद. इवलंसं स्वतंत्र प्रजासत्ताक. अकरा वर्षं गव्हर्नर असलेल्याला सगळ्यांत जास्त मतं, पण निम्म्याहून कमी. मग प्रतिनिधींनी दुसऱ्यालाच निवडलं. आणि पुढच्या वर्षी?"

"लोकांनी त्यालाच परत आणलं. पाठ आहे, बाबा."

"मग मीही परत उभा राहणार."

बाबा औरंगाबादला इतिहासाचे शिक्षक होते. आई गेल्यावर माझ्याकडे लुडविग्सहाफेनला आले. इथलं आमचं जयंती मंडळ फेराइन, म्हणजे कायदेशीर संस्था, म्हणून नोंदवायचं ठरलं, तेव्हा नियमावली त्यांनी लिहिली, जर्मन भाषांतर मी केलं. कलम अकरा त्यांनी व्हरमाँटवरून घेतलं: अध्यक्षाला हजर सभासदांपैकी निम्म्याहून जास्त मतं हवीत, नाहीतर कार्यकारिणी ठरवेल.

"काका, तीस-चाळीस डोक्यांना एवढी घटना?" मंडळातला जीवन हसला होता.

"डोकी मोजून घटना लिहीत नाहीत, बाळा."

मार्चमध्ये निवडणूक झाली. हजर सत्तावीस. बाबांना तेरा, जीवनला नऊ, अश्वजितला चार, एक चिठ्ठी कोरी. कार्यकारिणीनं जीवनला निवडलं. सगळ्यांत आधी टाळी बाबांनी वाजवली. ट्राममध्ये मात्र म्हणाले, "कलम बरोबरच आहे. पण कोरी टाकणाऱ्याला माझ्यात काहीतरी कमी दिसलं असणार. काय ते कळलं असतं तर सुधारलं असतं."

तेव्हापासून दर चार दिवसांनी हेच. शनिवारीही कपड्यांच्या घड्या घालता घालता त्यांनी विचारलं, "कोरी टाकणारी सुलेखा असेल का गं?"

"बाबा, आता पुरे. मला झोपू द्या जरा." आठवडाभर माझी रात्रपाळी होती.

"झोप, झोप," ते म्हणाले. उरलेले मोजे त्यांनी जोड्या लावून ठेवले.

रविवारी सकाळी ते उठले नाहीत.

पुण्यानुमोदनाला निवडणूक झाली तेच सभागृह मिळालं. त्रिशरण-पंचशील झालं. जीवन बाबांबद्दल बोलला. मग म्हणाला, "क्रांतीताई, तुम्ही."

मी दोन पानं लिहून आणली होती. त्यात त्यांचं वाचन होतं, त्यांची शाळा होती. ती मी घडी करून पर्समध्ये ठेवली. बाबा अध्यक्ष झाले असते तर हॉलचं बुकिंग, संस्था नोंदवणाऱ्या कोर्टाची पत्रं, सगळं जर्मन माझ्याच अंगावर आलं असतं. मार्चमध्ये पेन हातात धरून मी एवढाच विचार केला होता.

समोर पांढऱ्या फुलांत त्यांचा फोटो होता. चष्मा नेहमीसारखा थोडा तिरका.

"बाबा," मी म्हणाले, "सुलेखा नव्हती. कोरी चिठ्ठी माझी होती. तुमच्यात काही कमी नव्हतं. मी दमले होते."