लाल दगडाला तडा गेला तेव्हा

मी एक जुना छपाईचा दगड आहे. मिलानच्या एका छापखान्यात दर रविवारी सचित्र पुरवणी निघे. तिचं रंगीत मुखपृष्ठ आम्हा चार दगडांवरून छापत, एकेका रंगाला एकेक दगड. मी पिवळ्याचा. मित्रांनो, पिवळा सर्वांत आधी छापतात आणि मग लाल, निळा, काळा येऊन त्याच्या उरावर बसतात.

जहाज बुडो, नाटकगृह जळो, सर्कशीतला हत्ती पिसाळो, कौतुक लालचंच. चित्रकार एव्हारिस्तो त्याच्यावर चित्र काढायला वाकला की जेवण विसरे. माझ्यावर दोन फटकारे मारून मोकळा होई. लोक वर्तमानपत्राच्या दुकानाबाहेर थबकून रक्ताचीच तारीफ करत. मी आतल्या आत जळायचो. याला एकदा तडा जावा असं रोज मनात म्हणायचो, खोटं कशाला सांगू?

विसावं शतक लागून आठ वर्षं झाली होती. डोंगरात रेल्वेचा बोगदा खणताना दरड कोसळून अकरा मजूर गेले. एव्हारिस्तोने शहर कधी सोडलं नव्हतं. सहा ओळींच्या तारेवरून त्याने चित्र रचलं. प्रेताचा नमुना म्हणून नेहमीप्रमाणे छपाईयंत्र चालवणाऱ्या गौदेन्झियोला पोत्यांवर निजवलं. माझी छपाई झाली, लाल यंत्रावर चढला आणि पहिल्याच दाबाखाली मधोमध तडकला. नवा दगड तयार करायला वेळ नव्हता. अंक लालशिवाय निघाला. मालक चरफडला, मी मात्र फुशारलो.

मंगळवारी बर्गामोकडच्या खेड्यातून मार्गा नावाची बाई आली. शालीखाली अंक होता. तिचा मुलगा बत्तिस्ता त्या अकरांतला. शवपेटी खिळे ठोकूनच घरी आली होती, तोंडही बघू दिलं नव्हतं. तिने चित्रातल्या गौदेन्झियोच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"हा माझा बत्तिस्ता. रक्त कुठेच नाही. कुणीतरी तोंडापाशी कंदील धरलाय. असंच होतं ना, दादा?"

गौदेन्झियो यंत्रामागे सरकला.

"असंच होतं, मावशी," एव्हारिस्तो म्हणाला.

कंदिलाचा तो उजेड माझा होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला पाहिलं. मी हरखून गेलो, तेवढ्यात बाई पुन्हा बोलली.

"फक्त मफलर राहिला बघा. मी विणलेला. लाल होता."

एव्हारिस्तोने कुंचला लाल शाईत बुडवला आणि तिच्या अंकावर त्या गळ्याभोवती मफलर काढला. शाई वाळेपर्यंत ती फुंकर घालत राहिली. मग रडली.

मित्रांनो, मला हेवा वाटला. मेलेल्या पोराच्या मफलरचासुद्धा. त्याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी वाळू आणि पाण्याने मला घासलं. तो उजेड धुऊन गेला आणि माझ्यावर पुढच्या रविवारचा अपघात चढला. असं जुनं चित्र कधी तुमच्या हाती आलं तर रक्त बघून पान उलटू नका. त्यात निजलेला माणूस कुणाचा तरी आहे. आणि जमलंच, तर पिवळ्याकडेही जरा बघा.